आधी दोष शोधा, मग बसवा!

शाळेच्या सर्व्हरवर नवे सॉफ्टवेअर बसेना, की आपण सगळे पुसून पुन्हा बसवू लागतो. ही घाई आम्हाला मान्य नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने मालवण किनाऱ्यावर वीज आणि मोबाइल संपर्क विस्कळीत झाला. तेव्हा दहादा बसवूनही काय साधले असते?

म्हणून आधी नेटवर्क, मग डिस्कवरील जागा, मग परवानगी, असे क्रमाने तपासा. लॉग फाइल, म्हणजे सर्व्हरने स्वतः ठेवलेली नोंदवही, वाचा. एका वेळी एकच बदल करा व तो लिहून ठेवा. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क-२ संगणकात अडकलेला पतंग तंत्रज्ञांनी नोंदवहीतच चिकटवला होता!

अंदाजाने यंत्र चालेलही. पण का चालले हे कळले नाही, तर आपण शिकलो काय?