तिसरी फेरी

फजरची नमाज झाली की मी तालुक्याच्या मैदानावर चालायला जातो. गेल्या हिवाळ्यात तिथे माझा एक जुना विद्यार्थी रोज धावताना दिसायचा. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं. ५० पैकी २० गुण त्याचेच. म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या. हा पहिल्या दोन फेऱ्या झपाट्याने मारायचा आणि तिसऱ्या फेरीत, वळणावर, चालू लागायचा. मागच्या भरतीतही हेच झालं होतं.

एकदा त्याला थांबवून विचारलं, "पाय दुखतात का रे?"

"पाय नाही सर, डोकं थांबतं. तिसऱ्या फेरीत अब्बांचा आवाज येतो. 'तेरे से नहीं होगा.'"

लांब पल्ल्याच्या व्यायामात शरीराआधी मन हात टेकतं, हे अनेकांच्या अनुभवाचं आहे. सुरुवातीला उत्साह असतो, शेवटी शेवट दिसत असतो. मधला टप्पा ओसाड. रोजेदाराला विचारा; असर ते मगरिब हा वेळ सर्वांत लांब वाटतो.

मी त्याला म्हटलं, "तू तरावीह पढतोस ना? वीस रकअत एकदम कोणी मोजतं का?" दोन-दोन रकअत करत आपण पुढे जातो आणि चार झाल्या की जरा दम घेतो. या विसाव्यावरूनच तरावीह हे नाव आलं. धावतानाही तेच करायचं. चार फेऱ्या डोक्यात धरायच्या नाहीत; समोरच्या झाडापर्यंत जायचं, मग पाण्याच्या टाकीपर्यंत. दुसरी गोष्ट, पहिली फेरी मुद्दाम हळू. सुरुवातीला उडवलेला दम तिसऱ्या फेरीत व्याजासकट वसूल होतो. तिसरी गोष्ट, 'आता नको' असं मन म्हणणारच, तेव्हा त्याला काय उत्तर द्यायचं ते घरूनच ठरवून निघायचं. ऐन वेळी शब्द सुचत नाहीत. त्याने 'बस, झाडापर्यंत' हे दोन शब्द ठरवले.

आणखी एक सवय मोडावी लागली. रात्री बारापर्यंत मोबाईल आणि पहाटे धावणं. २००९ साली ब्रिटनमध्ये सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. दीड तास डोक्याला ताण देणारं काम केलेल्या माणसांनी सायकल चालवणं लवकर सोडलं. त्यांचं हृदय आणि स्नायू नेहमीसारखेच काम करत होते. तेवढेच कष्ट त्यांना जास्त जड वाटले. थकलेलं डोकं घेऊन मैदानावर जाणं हे पाठीवर पोतं घेऊन धावण्यासारखंच आहे.

मुलाला मो फराहची गोष्टही सांगितली. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटरच्या २५ फेऱ्यांपैकी दहाव्या फेरीत तो अडखळून पडला. उठला, धावू लागला आणि सुवर्णपदक जिंकला. सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे, हे अशा वेळी कळतं.

मात्र एक भान हवं. दम लागणं वेगळं आणि छातीत दुखणं, चक्कर येणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं वेगळं. अशा वेळी लगेच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. देह ही अल्लाहची अमानत आहे. तिथे जिद्द दाखवायची नसते.

राहिला प्रश्न त्या आवाजाचा. एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी चहाला गेलो आणि अब्बांना हे सांगितलं. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "सर, मी काळजीपोटी बोललो होतो. त्याला लागलं असेल असं वाटलंच नाही."

आता ते रोज पहाटे मैदानावर येतात. तिसऱ्या फेरीच्या वळणावर उभे राहतात. बोलत काहीच नाहीत, नुसता हात वर करतात. भरतीचा निकाल अल्लाहच्या हाती. पण गेले दोन महिने मुलगा त्या वळणावर चाललेला मी पाहिलेला नाही.

आपल्या घरातही कुणी ना कुणी तिसऱ्या फेरीत असेल. परीक्षेच्या, आजारपणाच्या, नोकरीच्या शोधाच्या. त्याच्या कानात आपला कोणता आवाज घुमतो, हे आज रात्री जेवताना जरा आठवून पाहू या.