ऑक्सिजनचा डोस कुठे लिहिला आहे?

गेल्या महिन्यात एका जिल्ह्याच्या गावी कार्यशाळेसाठी गेलो होतो. यजमान भूलतज्ज्ञ मित्राबरोबर रिकव्हरीतून एक चक्कर मारली. सहा खाटा, सहा मास्क आणि सहाही फ्लोमीटरची गोळी सहा लिटरवर. पल्स ऑक्सिमीटरवर कुठे 99, कुठे 100. केसपेपर चाळले. अँटिबायोटिकचा डोस होता, पॅरासिटामॉलचा होता, सलाईनचा वेग होता. ऑक्सिजनपुढे एकच शब्द होता, ‘चालू’. किती, कशासाठी, केव्हा बंद करायचा, याची नोंद नव्हती. दोन रुग्णांच्या स्टँडवर पिवळे सलाईनही लटकत होते. ‘क जीवनसत्त्व घातलंय सर, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कमी होतो,’ असे तिथल्या तरुण डॉक्टरांनी अगदी मनापासून सांगितले. म्हणजे एकाच खाटेवर एका नळीतून ऑक्सिडंट आणि दुसऱ्या नळीतून अँटिऑक्सिडंट! हे चित्र मला एकट्या त्या रुग्णालयाचे वाटत नाही. माझ्या स्वतःच्या जुन्या भूलनोंदींतही ‘चालू’ हाच शब्द आहे.

हेल्मुट सीस यांनी 1985 मध्ये ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ ही कल्पना मांडली. शस्त्रक्रियेच्या टेबलावर तिचे सर्वांत स्वच्छ रूप टुर्निके सोडताना किंवा महाधमनीवरचा क्लॅम्प काढताना दिसते. रक्तपुरवठा तुटलेला असताना पेशीतले एटीपी मोडून हायपोझँथिन साचते, मायटोकॉन्ड्रियात सक्सिनेट साचते. तोवर गंभीर काही घडल्याचे दिसत नाही. रक्त परत येते, त्याबरोबर ऑक्सिजन येतो, आणि साचलेले सक्सिनेट एकदम जळू लागते. इलेक्ट्रॉनांचा प्रवाह कॉम्प्लेक्स एकमधून उलटा वाहतो आणि सुपरऑक्साइडचा लोट उठतो. केंब्रिजच्या गटाने 2014 मध्ये हे सक्सिनेटचे गणित उलगडून दाखवले. पुढे स्निग्ध पटलांचे ऑक्सिडीकरण, केशवाहिन्यांची गळती, मूत्रपिंडाला इजा, हृदयाची अनियमित लय ही मालिका आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे.

हे वाचले की मनात पहिला विचार येतो तो उतारा देण्याचा, आणि तिथेच आपण फसतो. जे सुपरऑक्साइड मूत्रपिंडाला जाळते, तेच न्यूट्रोफिलचे हत्यारही आहे. एनएडीपीएच ऑक्सिडेज या विकराशिवाय जन्मलेली मुले क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजने आजारी पडतात. साध्या जंतूंनी त्यांना वारंवार गळवे होतात. फ्री रॅडिकल सरसकट विझवणे म्हणजे जखमेवरचा पहारा काढून घेणे. शिवाय सुपरऑक्साइड जिथे जन्मते तिथेच काही क्षणांत आपले काम करून संपते. शिरेतून तासाभराने पोचणारे जीवनसत्त्व त्याला गाठणार कसे?

मोठ्या चाचण्यांनी दिलेले उत्तरही उत्साह वाढवणारे नाही. 2013 च्या रेडॉक्स चाचणीत 1,223 अत्यवस्थ रुग्णांवर ग्लुटामिन आणि अँटिऑक्सिडंट वापरून पाहिले. अँटिऑक्सिडंटचा फायदा झाला नाही आणि ग्लुटामिन घेतलेल्यांत मृत्यू वाढले. हृदयशस्त्रक्रियेच्या जवळपास 1,400 जोखमीच्या रुग्णांमध्ये सेलेनियमची प्लासिबोशी तुलना झाली. 2023 मध्ये निकाल आला, उपयोग शून्य. 2022 च्या लोविट चाचणीत सेप्सिसच्या 872 रुग्णांमध्ये क जीवनसत्त्वाच्या गटात मृत्यू किंवा टिकून राहिलेली अवयवहानी 44.5 टक्के, तर प्लासिबो गटात 38.5 टक्के होती. या सगळ्यांवरच शस्त्रक्रिया झाली होती असे नाही हे खरे, पण ‘दिले तर बिघडते काय’ या वाक्याला हे पुरेसे उत्तर आहे.

बिघडते ते आणखी एका जागी. क जीवनसत्त्वाचा मोठा डोस काही ग्लुकोमीटरना साखर असल्याचा भास करून देतो. आकडा वाढलेला दिसतो, परिचारिका इन्सुलिन वाढवते आणि रुग्ण हायपोग्लायसेमियात जातो. जी६पीडी कमतरता असलेल्या रुग्णात याच डोसाने रक्तपेशी फुटू शकतात. पारशी आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता आढळते, तेव्हा मुंबईत आणि दुर्गम तालुक्यांत काम करणाऱ्यांनी हे विसरू नये. नातेवाईक ‘ताकदीचं सलाईन लावा’ म्हणतात तेव्हा त्यांना नाही म्हणणे जड जाते, हे मला ठाऊक आहे. तरीही म्हणावे.

उतारा नाही, तर हातात काय उरते? हातात तो फ्लोमीटरचा नॉब आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये जखमेचा संसर्ग टाळण्यासाठी, भुलेखाली नळी टाकलेल्या प्रौढांना 80 टक्के ऑक्सिजन द्यावा अशी ठाम शिफारस केली. 2018 मध्ये ती सशर्त केली. डेन्मार्कमधल्या प्रॉक्सी चाचणीत 1,400 रुग्णांमध्ये 80 आणि 30 टक्क्यांची तुलना झाली, संसर्ग 19.1 आणि 20.1 टक्के, म्हणजे सारखाच. त्याच रुग्णांचा पुढे पाठपुरावा केला तेव्हा जास्त ऑक्सिजनच्या गटात मृत्यू अधिक दिसले, मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांत. क्लीव्हलंडच्या पाच हजारांवर शस्त्रक्रियांच्या अभ्यासात संसर्गात फरक पडला नाही, आणि मृत्यूचा तो वाढीव धोकाही दिसला नाही. 2024 मध्ये व्हँडरबिल्टच्या गटाने हृदयशस्त्रक्रियेच्या 200 रुग्णांत दाखवले की 100 टक्के ऑक्सिजनने ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची रक्तातली चिन्हे वाढतात. मूत्रपिंडाच्या इजेत मात्र फरक नव्हता. म्हणून जास्तीच्या ऑक्सिजनने माणसे मरतात असे मी लिहिणार नाही. फायदा सिद्ध नसलेले, इजेचे जैविक कारण माहीत असलेले औषध आपण न मोजता देतो, एवढे म्हणण्यास मात्र पुरावा पुरेसा आहे.

न मोजण्याची सवय का लागली तेही समजून घ्यायला हवे. ऑक्सिमीटरवर 100 दिसते तेव्हा धमनीतला दाब 120 आहे की 400, हे तो आकडा सांगत नाही. अनेक छोट्या थिएटरांत बॉइल्स मशीनला ऑक्सिजन आणि नायट्रस एवढेच असते. वैद्यकीय हवेची जोडणीच नाही. नायट्रस नको असेल तर उरतो तो निव्वळ ऑक्सिजन. तिथल्या भूलतज्ज्ञाला 30 टक्के द्या असे सांगणे अन्यायाचे आहे. रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडे हवेची जोडणी आणि ऑक्सिजन ॲनालायझर मागणे हे आपले काम आहे, आणि ही मागणी लेखी असावी.

भूल देताना आणि नळी काढताना 100 टक्के हवाच. त्याबद्दल वाद नाही. रुग्ण निळा पडणे हे कुठल्याही फ्री रॅडिकलपेक्षा भयंकर आहे. प्रश्न मधल्या तीन तासांचा आणि रिकव्हरीतल्या रात्रीचा आहे. एप्रिल 2021 मध्ये, कोविडच्या लाटेत, ऑक्सिजन आणायला कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन विशाखापट्टणमला रेल्वे निघाली, त्या दिवसांत आपण प्रत्येक खाटेचा लिटर मोजत होतो. सॅच्युरेशन 94 झाले की गोळी खाली आणत होतो. तुटवड्यामुळे का होईना, ते आपल्याला येत होते.

वाचकांना एक विनंती. पुढचा महिनाभर भूलनोंदीत आणि रिकव्हरीच्या तक्त्यात तीन रकाने वाढवा: दिलेल्या ऑक्सिजनचे प्रमाण, त्या वेळचे सॅच्युरेशन आणि प्रमाण कमी केल्याची वेळ. रुग्णाचे नाव नको. मशीनला हवा आहे की नाही तेवढे लिहा, आणि पाने आमच्या पत्त्यावर पाठवा. जमतील तेवढी येत्या अंकात छापू. हातापायाची शस्त्रक्रिया असेल तर टुर्निके बांधल्याची आणि सोडल्याची वेळही त्याच पानावर असू द्या.