वेग की ओढ?



गेल्या कापसाच्या हंगामातील गोष्ट. शाळा सुटण्याच्या सुमारास कापसाने शिगोशीग भरलेली एक डिझेल पिकप गाडी जवळच्या चढावर येऊन थांबली. समोरून गुरे येत होती. गुरे गेली, परंतु गाडी पुढे निघण्याऐवजी हळूहळू मागे सरकू लागली. क्लच जळाल्याचा उग्र वास सुटला. कापसावर दोन मुले बसली होती, व त्यांतील एक आपल्याच शाळेतील होता. ती भयाने किंचाळू लागली. अखेर चाकामागे धोंडे लावून पाचसहा जणांनी रेटा दिला, तेव्हा गाडी मार्गी लागली.

दुसऱ्या दिवशी वर्गात दोन तट पडले. एक तट म्हणे, विजेची गाडी असती तर ती क्षणात चढ चढली असती. दुसरा म्हणे, विजेची गाडी म्हणजे खेळणे, पेट्रोल-डिझेलपुढे तिचा काय पाड? निवाड्यासाठी सारे माझ्याकडे आले. मी पडलो कलाशाखेचा पदवीधर. तेव्हा वही घेऊन विज्ञानशिक्षकांपुढे विद्यार्थी होऊन बसलो. तेथे जे उमगले ते, आणि त्यावरून बनलेले माझे मत, येथे मांडतो.

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. गाडी किती झपाट्याने धावते तो तिचा वेग; तो वेग किती झपाट्याने वाढतो ते तिचे त्वरण. शर्यतीत आरंभीच मुसंडी मारणारा बैल शेवटपर्यंत पुढे राहीलच असे नाही. तसेच हे आहे.

पेट्रोलचे इंजिन स्थिर असता काहीच जोर देत नाही. ते आधी फिरत ठेवावे लागते, आणि त्याचा पुरा जोर ठरावीक फेऱ्यांवर पोहोचल्यावरच मिळतो. म्हणून क्लच, म्हणून गिअर. विजेच्या मोटारीचे तसे नाही. चाक जागचे हलण्यापूर्वीच ती आपला पुरा जोर लावू शकते. या पीळ देणाऱ्या जोरास टॉर्क म्हणतात. आपल्याकडे 'छोटा हाथी' म्हणून सर्वपरिचित असलेली टाटा एस ही गाडी २००५ साली आली. तिची विजेवरील आवृत्ती मे २०२२ मध्ये जाहीर झाली. तिच्या मोटारीची शक्ती २७ किलोवॅट, म्हणजे सुमारे ३६ अश्वशक्ती, आणि टॉर्क १३० न्यूटन-मीटर आहे. त्याच जातीच्या पेट्रोल-गाडीचे आकडे ३० अश्वशक्ती व ५५ न्यूटन-मीटर असे आहेत. मात्र यावरून विजेची गाडी अडीचपट ओढते असा हिशेब कोणी करू नये. पेट्रोल-गाडीचा पहिला गिअर इंजिनचा जोर अनेक पटींनी वाढवून चाकाला देतो. विजेच्या गाडीचा खरा लाभ निराळा आहे : जोर शून्यापासून मिळतो, गिअर बदलताना तो खंडित होत नाही, आणि जळायला क्लचच नसतो.

अमेरिकेतील फोर्ड कंपनीची 'लाइटनिंग' ही विजेची पिकप २०२२ साली ग्राहकांच्या हाती पडली. सुमारे तीन टनांचे हे धूड ताशी ९६ किलोमीटरचा वेग चार-साडेचार सेकंदांत गाठत असे. त्याच घराण्यातील नेहमीच्या पेट्रोल-पिकपना साडेपाच-सहा सेकंद लागत. ही गोष्ट अगदी नवी आहे असेही नव्हे. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार विजेवरच चालली होती. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ कामीय जेनाट्झी या बेल्जियन गृहस्थाने तो पराक्रम केला.

तेव्हा त्वरणाच्या परीक्षेत विजेची गाडी पहिली आली हे मान्य. परंतु कमाल वेगाच्या परीक्षेत तिची ही आघाडी टिकत नाही. तिला बहुधा एकच गिअर असतो, म्हणून वेग वाढेल तशी मोटारीच्या फेऱ्यांची मर्यादा जवळ येते. शिवाय वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि बॅटरी भराभर रिकामी होते. लांब, सपाट महामार्गावर सतत धावणाऱ्या पेट्रोल-गाडीला म्हणूनच अजून तोंड वर करून बोलता येते.

पण माझा खरा प्रश्न पुढेच आहे. ही परीक्षा घ्यावयाचीच कशासाठी? आपल्या बाजारहत्नूरच्या रस्त्याने कापूस जातो, तूर जाते, शेळ्या जातात. याच टापूत केसलापूरच्या नागोबा जत्रेच्या वेळी बैलगाड्यांचे तांडे निघतात. येथे कोणत्या गाडीला चार सेकंदांत शंभराच्या घरात जावयाचे आहे? वेग दुप्पट झाला की धडकेचा आघात चौपट होतो. हे गणित पेट्रोलला लागू आहे तसेच विजेलाही. उलट ज्या गाडीचा वेग पाय टेकवताच उसळतो, तिच्या चालकाला अधिक संयम हवा.

आपल्याला हवी आहे ती ओढ. भरल्या गाडीने चढावर मागे न सरता शांतपणे निघावे, निर्मळच्या महबूब घाटातून उतरताना नुसत्या ब्रेकवर विसंबून राहावे लागू नये, एवढीच आपली गरज. विजेची मोटार उतारावर जनित्र बनून गाडीला आवरते आणि थोडी वीज बॅटरीत परत टाकते. माझ्या मते तिचा मोठेपणा या दोन गुणांत आहे; शर्यत जिंकण्यात नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या छोट्या विजेच्या गाडीची प्रमाणित मजल १५४ किलोमीटर आहे. ओझे, घाट आणि उन्हाळा यांपुढे ती घटते. वाटेत वीज कोठे भरावी, ऐन हंगामात वीज गेली तर काय करावे, हे शेतकऱ्याचे प्रश्न रास्त आहेत. म्हणून उद्याच जुनी गाडी विका असे मी कोणत्याही पालकास सांगणार नाही. नवी घेण्याची वेळ येईल तेव्हा मात्र 'किती पळते?' असे न विचारता 'भरल्या ओझ्याने चढावर कशी निघते, आणि उतारावर कशी थांबते?' असे विचारावे, एवढीच विनंती आहे.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हाला एक निक्षून सांगणे आहे. गाडी विजेची असो वा डिझेलची, मालाच्या ढिगावर बसून प्रवास करू नका. त्या सायंकाळी धोंडे वेळेवर सापडले. ते नेहमीच सापडतील असे नाही.

माझी मातृभाषा कोंकणी. आमच्याकडे कोणी प्रवासाला निघाला की घरची वडील माणसे दारात उभी राहून एकच शब्द म्हणतात : 'सवकास.' त्याचा अर्थ सावकाश असा तर आहेच. पण तुझी वाट पाहणारे घरी कोणी आहे, हेही त्या शब्दात येते. विजेच्या युगातही हा शब्द जुना होणार नाही.