पावित्र्याचे माप एकाच पारड्यात का?

इ. स. १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे लहानसे पुस्तक पुण्यात छापून निघाले. त्याच्या लेखिका ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे तेथील सरकारी कचेरीत नोकरीस होते आणि सत्यशोधक विचारांचे होते. पुस्तकाला निमित्त झाले ते सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेवरील भ्रूणहत्येच्या खटल्याचे. तिला आधी फाशीची शिक्षा झाली व पुढे ती कमी करण्यात आली. पण त्या निमित्ताने वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर जी आग पाखडली, तिला ताराबाईंनी रोखठोक उत्तर दिले. त्यांचा प्रश्न साधा होता : जे दोष तुम्ही स्त्रीच्या माथी मारता, ते पुरुषाच्या अंगी नाहीत काय? आणि असतील, तर शिक्षा एकटीलाच का?

हा प्रश्न ताराबाईंनी मुख्यतः हिंदू समाजाला विचारला. आज तोच प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या देहशुद्धीविषयक व शालीनतेविषयक शिकवणुकीला विचारावयाचा आहे. कारण या बाबतीत आपल्या कार्यकर्त्यांत दोन सोयीच्या समजुती मूळ धरून बसल्या आहेत. पहिली अशी की, आपली संस्कृती मुळात मोकळी होती, लाजेची आणि सोवळेपणाची बेडी पाद्र्यांनी व साहेबाने आणली. दुसरी अशी की, ख्रिस्ती समाज अल्पसंख्य असल्यामुळे त्याच्या धर्मविचाराची चिकित्सा आपण करूच नये. पहिली समजूत इतिहासाला धरून नाही. विधवेचे केशवपन कोणा मिशनऱ्याने शिकविले नव्हते. दुसरी समजूत सहिष्णुतेचा मुखवटा घातलेली उपेक्षा आहे. कारण अल्पसंख्य समाजातील स्त्री ही दुहेरी अल्पसंख्य असते, आणि आपल्या मौनाची किंमत तीच मोजते.

प्रथम मूळ शिकवण पाहू. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की, परस्त्रीकडे वासनेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच. येथे दोष पाहणाऱ्याच्या डोळ्याला दिलेला आहे, पाहिल्या जाणाऱ्या स्त्रीच्या पदराला नव्हे. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित असलेली स्त्री त्याच्या वस्त्राला शिवते, तेव्हा विटाळ मानण्याऐवजी तो तिला ‘मुली’ म्हणून हाक मारतो. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीला दगडांनी मारावयास निघालेल्या जमावाला तो आधी स्वतःचे पाप तपासावयास लावतो. प्रेषित पौलानेही करिंथकरांस लिहिताना पत्नीच्या देहावर पतीचा, तसाच पतीच्या देहावर पत्नीचा अधिकार सांगितला. त्या काळाच्या मानाने ही समता लहान नव्हे. पण त्याच पत्रात पुढे स्त्रीने मस्तक झाकावे असे येते, आणि पौलाच्या नावावर असलेल्या तीमथ्याच्या पहिल्या पत्रात तिने निमूटपणे शिकावे, पुरुषावर अधिकार चालवू नये, असेही येते. पुढच्या चर्चने या दोन प्रवाहांतला कोणता उचलला, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडते. १८६९ साली या देशातील ख्रिश्चनांसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. त्यात पत्नीचा व्यभिचार एवढे एकच कारण पतीला घटस्फोटासाठी पुरेसे होते. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, परित्याग किंवा तत्सम आणखी काही सिद्ध करावे लागे. डोळा काढून टाकावयास सांगणाऱ्या गुरूच्या अनुयायांनी पुरुषाच्या डोळ्याला अशी सूट दिली! ती टिकली किती? केरळ उच्च न्यायालयाने १९९५ साली आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली हा भेद घटनाबाह्य ठरविला, व संसदेने २००१ साली कायदा बदलला. म्हणजे तब्बल १३२ वर्षे. हा लढा ख्रिस्ती स्त्रियांनीच न्यायालयात उभा केला, हे त्यांच्या वतीने बोलू पाहणाऱ्या सर्वांनीच ध्यानात ठेवावे.

त्याच सुमारास, १८६८ साली, सरकारने सांसर्गिक रोगांचा कायदा केला. गोऱ्या सैनिकांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून वेश्यांची नोंदणी व सक्तीची शारीरिक तपासणी सुरू झाली. तपासणी स्त्रीची, सैनिकाची नाही. येथेही एक बाब विसरता कामा नये. इंग्लंडमधील अशाच कायद्यांविरुद्ध सर्वांत झुंजार चळवळ उभी केली ती जोसेफिन बटलर या पाद्र्याच्या पत्नीने, आणि तीही ख्रिस्ती श्रद्धेच्या आधारे : पावित्र्य असेल तर ते दोघांना एकच असले पाहिजे. इंग्लंडमधील कायदे १८८६ साली व हिंदुस्थानातील १८८८ साली रद्द झाले. एकाच धर्मग्रंथातून साम्राज्याने एक अर्थ काढला, बटलरबाईंनी दुसरा. म्हणून ‘ख्रिस्ती शिकवण’ अशी एकच एक वस्तू समजून तिच्यावर प्रहार करणे हे अज्ञान आहे.

आणि देशी सनातन्यांना या परक्या नीतीचा विटाळ होता काय? रखमाबाईंचा खटला आठवावा. बालपणी लावून दिलेले लग्न मान्य नाही, म्हणून त्या सासरी जाण्यास नकार देत होत्या. पतीने मागितलेला ‘वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापने’चा इलाज इंग्लंडच्या धर्मपीठीय न्यायालयांतून आलेला होता, हिंदू शास्त्रात तो नाही, असे न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली निकालात स्पष्ट केले. तरीही धर्म बुडाला अशी हाकाटी करणारे सनातनी त्याच चर्चच्या हत्याराला कवटाळून बसले. १८८७ साली रखमाबाईंना पतीकडे जा, नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम झाला. इंग्लंडने हा इलाज १९७० साली मोडीत काढला. आमच्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो अजून नांदतो आहे. स्त्रीच्या देहावर ताबा ठेवण्याचा प्रसंग आला की स्वधर्म आणि परधर्म यांचे भांडण कसे चटकन मिटते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

‘विनयभंग’ हा आपल्या रोजच्या वृत्तपत्रातला शब्द. १८६० च्या दंडसंहितेतील मूळ इंग्रजी शब्द शालीनतेचा आहे, आणि त्याची व्याख्या कायद्यात नाही. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही तो शब्द तसाच ठेवला. म्हणजे गुन्हा स्त्रीच्या देहाविरुद्ध व स्वातंत्र्याविरुद्ध नसून तिच्या लाजेविरुद्ध! हा शब्दच्छल नव्हे. १९७२ साली आपल्या विदर्भातच, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिला पुरुषसंबंधाची सवय होती, ही गोष्ट खटल्यात तिच्याविरुद्ध गेली, आणि सर्वोच्च न्यायालयात आरोपी पोलीस सुटले. तिची ‘शालीनता’ आधीच गेलेली, मग भंग कशाचा, हाच त्यामागचा हिशेब. देशभर चळवळ झाली तेव्हा १९८३ साली कायदा बदलला. तरी ‘दोन बोटांची’ तपासणी थांबविण्यास सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये सांगावे लागले, आणि २०२२ मध्ये पुन्हा सांगावे लागले.

ताराबाईंच्या पुस्तकानंतर दोनच वर्षांनी, १८८४ साली, एंगल्सने कुटुंबसंस्थेवरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की एकपत्नीकत्वाचे बंधन प्रत्यक्षात स्त्रीपुरतेच असते, आणि त्याचे मूळ मालमत्तेत आहे : वारस आपलाच असल्याची मालकाला खात्री हवी असते. बुलढाण्याच्या त्या स्त्रीने जे अनुभवाने ओळखले, त्याला एंगल्सने आर्थिक कारण दिले. देव बदलला, ग्रंथ बदलला, तरी माप बदलत नाही, ते यामुळेच.

मग कार्यकर्त्यांनी करावयाचे काय? ख्रिस्ती श्रद्धाळूला त्याच्या श्रद्धेबद्दल हिणवू नये. त्याच्याच शुभवर्तमानातील न्याय त्याच्यापुढे ठेवावा. जमातवाद्यांच्या हाती आपली टीका काठी म्हणून पडू देऊ नये. त्यासाठी ती सर्व धर्मांना एकाच मापाने लावावी, आणि आरंभ आपल्या घरापासून करावा. कापूस वेचणाऱ्या बाईला आडोसा मिळत नाही, जिनिंगवरच्या बाईला मुकादमाविरुद्ध तक्रार कोठे करावी ते ठाऊक नाही, आणि आपण शालीनतेवर व्याख्याने झोडतो! २०१३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात असंघटित कामगार स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी स्थानिक समिती असणे बंधनकारक आहे. आपल्या जिल्ह्यातील समितीचे सदस्य कोण, तिची बैठक केव्हा झाली, हे जिल्हाधिकारी कचेरीत जाऊन विचारा, आणि मिळालेले उत्तर गावोगाव सांगा.

स्त्रीचा देह हे कोणाचे मंदिरही नव्हे आणि कोणाची मिळकतही नव्हे. तो तिचा आहे. बुलढाण्यातून १८८२ साली निघालेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी त्या मातीतल्या कार्यकर्त्यांनी तरी टाळू नये.