बहिष्कार म्हणजे सोवळे नव्हे

एखाद्या कंपनीच्या मालावर विचारपूर्वक बहिष्कार घातलेल्या माणसाच्या पिशवीत त्याच कंपनीची वस्तू सापडली, की दोन प्रकारचे टीकाकार ताबडतोब पुढे सरसावतात. पहिला असतो विरोधक. तो म्हणतो, ह्यांचे तत्त्व वाण्याच्या दुकानापर्यंतसुद्धा टिकत नाही, सबब हे सारे ढोंग आहे. दुसरा असतो आपल्याच पंक्तीतला, आणि तो विरोधकाहूनही कठोर असतो. त्याच्या मते अशी खरेदी ज्याच्या हातून घडली तो भ्रष्ट झाला. त्याने ती वस्तू उकिरड्यावर फेकावी, चार माणसांत कबुली द्यावी आणि मगच चळवळीचे नाव घ्यावे. ह्या दोघांचेही म्हणणे चूक आहे. किंबहुना दुसऱ्याचे अधिक घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते का, हे सविस्तर सांगणे अवश्य आहे.

बहिष्कार हा शब्द आमच्या समाजाने कोशातून शिकलेला नाही. गावाने पाणी तोडले, वाण्याने मीठ नाकारले, शेतावरचे काम बंद केले, असा तो आमच्या वाडवडिलांच्या अंगावर आलेला आहे. म्हणूनच पहिल्या गोलमेज परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना मांडली, तीत बहिष्कार घालणे हा गुन्हा ठरवावा अशी मागणी होती, आणि त्यासाठी 1922 च्या ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतलेला होता. आज अनुसूचित जातिजमातींच्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने असा बहिष्कार गुन्हा ठरला आहे, आणि महाराष्ट्राने 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदाही केला आहे. तेव्हा एक भेद प्रथमच ध्यानात ठेवावा. माणसाला त्याच्या जन्मावरून वाळीत टाकणे हा एक बहिष्कार. बलाढ्य कंपनीचा माल तिच्या कृत्यावरून न घेणे हा दुसरा. पहिला दुर्बळाविरुद्ध चालतो व त्याला कधीच सोडत नाही. दुसरा सबळाविरुद्ध चालतो, आणि कृत्य सुधारले की त्याने उठले पाहिजे. ह्या दुसऱ्या बहिष्कारात पहिल्याची मनोवृत्ती शिरली, तर आम्ही शस्त्र घेतले नाही, रोग घेतला, असे म्हणावे लागेल.

चूक घडते कशी?

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. नेस्ले ह्या स्विस कंपनीविरुद्धचा बहिष्कार जगात पुष्कळ गाजलेला आहे. गरीब देशांत बालकांसाठी दुधाच्या भुकटीचा प्रचार करताना परिचारिकांसारखा वेष केलेल्या विक्रेत्या बायका बाळंतिणींकडे पाठविल्या जात, असा आक्षेप होता. आईचे दूध एकदा आटले की मग भुकटीवाचून गती नाही. भुकटी महाग म्हणून ती पातळ करावयाची, पाणी अस्वच्छ, बाटली उकळावयास सरपण नाही, आणि परिणाम अतिसार व कुपोषण. 1974 साली इंग्लंडमधील ‘वॉर ऑन वॉन्ट’ ह्या संस्थेने ह्याविषयी पुस्तिका काढली. तिचे भाषांतर अधिक जहाल मथळ्याने छापणाऱ्या स्विस कार्यकर्त्यांवर कंपनीने अब्रूनुकसानीचा खटला भरला. 1976 साली बर्नच्या न्यायालयाने त्या मथळ्याबद्दल त्यांना किरकोळ दंड केला. परंतु कंपनीनेही आपल्या प्रचारपद्धतीचा मुळापासून फेरविचार करावा, असे न्यायाधीशांनी बजावले. पुढे 1977 च्या 4 जुलैला अमेरिकेतील मिनिआपोलिस येथून बहिष्कार सुरू झाला. 1984 साली तो स्थगित झाला व 1988 साली पुन्हा पुकारला गेला. कंपनी आपल्यावरील आरोप अमान्य करते. ह्या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. बहिष्कार घालणाऱ्याची वाट कशी चुकविली जाते, एवढेच पाहावयाचे आहे.

इंग्लंडमधील यॉर्क येथे राउंट्री नावाची क्वेकर पंथीय कुटुंबाने वाढविलेली मिठाईची कंपनी होती. कामगारांच्या हिताची काळजी घेणारी म्हणून तिचा लौकिक होता. किटकॅट हे चॉकलेट तिचेच. 1988 साली, म्हणजे बहिष्कार पुन्हा पुकारला गेला त्याच वर्षी, नेस्लेने ती कंपनी विकत घेतली. वेष्टन तेच, चव तीच, दुकानही तेच. मात्र धनी बदलला. जो ग्राहक काल निर्दोष होता, तो आज काहीही न करता दोषी झाला काय? अधिक मौज पुढेच आहे. अमेरिकेत हेच किटकॅट हर्षी ही निराळी कंपनी तयार करते. म्हणजे लंडनमध्ये जे चॉकलेट टाळावयाचे, तेच न्यूयॉर्कमध्ये टाळले तर फटका भलत्यालाच बसतो!

‘बॉडी शॉप’ ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी तर नीतिमान व्यापाराचा आदर्श म्हणून ओळखली जात होती. 2006 साली ती फ्रान्सच्या लोरेआल कंपनीने घेतली, आणि त्या लोरेआलच्या भागभांडवलात नेस्लेचा चौथ्या हिश्शाहून अधिक वाटा होता. 2018 साली नेस्लेने स्टारबक्स नावाची कॉफी दुकानाबाहेर पुडीतून विकण्याचे हक्क 700 कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजून मिळविले. त्यामुळे त्या नावाच्या उपाहारगृहातील पेला एकाचा आणि त्याच नावाची किराणा दुकानातील पुडी दुसऱ्याची, अशी स्थिती झाली. आपल्याकडे मॅगी, मिल्कमेड, मंच ह्या वेष्टनांवर नेस्लेचे नाव असते हे खरे. परंतु मोठे असते ते छापेचे नाव. दिवसभर राबून आलेली बाई दुकानाच्या अंधुक उजेडात छापेचे नाव ओळखते. धन्याचे नाव ती वाचत बसत नाही. अशा व्यवस्थेत चूक घडली, तर नवल कसले?

दोष कोणाचा?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. चोरीचा माल घेणे हा गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेचे कलम 411 आणि 2024 च्या 1 जुलैपासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 317 ह्यांत त्याची व्याख्या आहे. परंतु तो माल केवळ हाती आला म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. माल चोरीचा आहे हे त्याला ठाऊक असले पाहिजे किंवा तसे मानण्यास त्याच्यापाशी कारण असले पाहिजे, आणि त्याने तो अप्रामाणिकपणे घेतला किंवा ठेवून घेतला असला पाहिजे. प्रत्यक्ष चोरीच्या बाबतीत कायदा अजाण माणसाला सोडतो. मग जो माल उघड दुकानात पावतीसह मिळतो, त्याच्या अजाण खरेदीदाराला आम्ही कोणत्या न्यायाने फाशी द्यावयाचे?

मात्र ह्याच कलमाची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. ‘मानण्यास कारण’ हे शब्द कायद्याने उगाच घातलेले नाहीत. कोणी सांगू लागला की कान झाकून घेणे, वेष्टन मुद्दामच न वाचणे, आणि मग मला कुठे ठाऊक होते म्हणणे, हे अज्ञान नव्हे. ही लबाडी होय. तसेच कळल्यानंतरही तीच वस्तू दर महिन्याच्या यादीत ठेवणे म्हणजे ठेवून घेणेच होय. तात्पर्य, न कळता घेणाऱ्याकडे दोष नाही. कळून घ्यावयाचे टाळणाऱ्याकडे आणि कळूनही चालू ठेवणाऱ्याकडे दोष आहे.

भगवान बुद्धांचा धम्म ह्याहून वेगळे सांगत नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेतील पहिलीच कथा चक्खुपाल थेरांची आहे. हे थेर अंध होते. पाऊस पडून गेल्यावर पहाटे चंक्रमण करीत असता त्यांच्या पायांखाली किडे मेले. पाहुण्या भिक्खूंनी ते पाहिले आणि बुद्धांकडे तक्रार नेली. बुद्धांनी त्यांना विचारले, की थेरांना किडे मारताना तुम्ही पाहिलेत काय? नाही, असे उत्तर आले. तेव्हा बुद्धांनी सांगितले, की जसे तुम्ही त्यांना पाहिले नाही, तसेच त्यांनीही किड्यांना पाहिले नाही. आणि जेथे मारण्याची चेतना नाही, तेथे हिंसेचा दोष नाही. ज्या समाजाने हा धम्म स्वीकारला, त्याला स्पर्शाने बाटण्याची भाषा शोभते काय?

विटाळ हीच एक गोष्ट अशी आहे की तिला हेतूची पर्वा नसते. कळत शिवा, नकळत शिवा; सावली पडली तरी पुरे! विटाळ कृत्य पाहत नाही, परिणाम पाहत नाही, फक्त संपर्क पाहतो. आणि त्याला उपाय सांगतो तो शुद्धीचा व प्रायश्चित्ताचा. चुकून घेतलेला डबा उकिरड्यावर फेकावयास लावणारा आमचा कार्यकर्ता नेमके हेच करीत असतो. कंपनीला तिचे पैसे पोचलेले असतात. डबा फेकल्याने त्यांतील एक पैही परत येत नाही. नुकसान होते ते गरिबाच्या घराचे. ज्यांनी सोवळ्याचे जू मानेवरून फेकले, त्यांनीच ते बाजाराच्या वाटेने घरात आणावे, ह्याहून मोठी शोकांतिका कोणती?

ह्या वृत्तीचे आणखी एक दुष्टफळ आहे. चुकीला शिक्षा ठेवली, की माणसे चूक लपवू लागतात. लपविलेल्या चुकीतून कोणीच शिकत नाही. शिवाय जी आई आजारपणामुळे अंगावर पाजू शकत नाही आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने भुकटी घेते, तिलाच हे शुद्धीवाले आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. तो लढा आईच्या विरुद्ध कधीच नव्हता. आईची दिशाभूल करणाऱ्या प्रचाराविरुद्ध होता.

विरोधकास उत्तर

विरोधक म्हणतो, की बहिष्कार पूर्णपणे पाळता येत नाही, म्हणून तो व्यर्थ आहे. इतिहास ह्याच्या उलट साक्ष देतो. 1791 साली इंग्लंडमध्ये हजारो कुटुंबांनी गुलामांच्या श्रमाची वेस्ट इंडीजची साखर सोडली. साखरेचा दाणा आपण कोणाच्या हातून आलो हे सांगत नाही, त्यामुळे त्यांच्याकडूनही चुका झाल्याच असतील. म्हणून ती चळवळ खोटी ठरत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीशी व्यापार बंद करणारा पहिला देश भारत. ते वर्ष 1946. पुढे 1984 च्या जुलैत डब्लिनमधील डन्स स्टोअर्स ह्या दुकानात मेरी मॅनिंग ह्या तरुण कामगार स्त्रीने संघटनेच्या आदेशानुसार दक्षिण आफ्रिकेची फळे गल्ल्यावर नोंदण्यास नकार दिला. तिला कामावरून दूर केले, सहकारी तिच्याबरोबर बाहेर पडले, आणि संप जवळजवळ तीन वर्षे चालला. अखेर 1987 साली आयर्लंडच्या सरकारने तेथील फळेभाज्यांची आयात बंद केली. त्या तीन वर्षांत आयर्लंडमधील किती गृहिणींनी चुकून ती फळे घेतली असतील, ह्याचा हिशेब कोणी मांडला नाही. मांडण्याचे कारणही नव्हते.

नेस्लेच्या बाबतीतही तेच. बहिष्कार चालू असतानाच 1981 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने बालकांच्या दुधाच्या विक्रीविषयी आचारसंहिता मंजूर केली. बाजूने 118 मते पडली, विरुद्ध एकच, ते अमेरिकेचे. आपल्या संसदेने 1992 साली कायदा करून अशा दुधाच्या जाहिरातीस बंदी घातली व 2003 साली तो अधिक कडक केला. ही फळे कोणाच्या निष्कलंक पिशवीने दिली नाहीत. ती संघटनेने, पुराव्याने आणि चिकाटीने दिली.

मग मागावयाचे काय?

ग्राहकाला दोष देण्याची जी शक्ती आपण वाया घालवितो, ती हक्क मागण्याकडे वळविली पाहिजे. 2011 च्या वेष्टित वस्तूंविषयीच्या नियमांप्रमाणे वेष्टनावर उत्पादक, वेष्टक किंवा आयातदार ह्यांचे नाव व पत्ता द्यावा लागतो. परंतु त्या उत्पादकाचा अंतिम धनी कोण, हे सांगण्याचे बंधन त्या नियमांत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाचा दर्जा, प्रमाण, शुद्धता, किंमत इत्यादी जाणण्याचा हक्क दिला. मालकी जाणण्याचा शब्द त्यात नाही. उलट 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 90 ने कंपनीमागील खऱ्या लाभधारकांची नोंदवही ठेवण्यास सांगितले आहे, पण ती पाहण्याचा हक्क सभासदांना आहे, विकत घेणाऱ्या जनतेला नाही. ज्याच्या पैशावर कंपनी उभी आहे, त्यालाच तिचा धनी कोण हे कळू नये, हा कोणता न्याय? प्रत्येक वेष्टनावर अंतिम मालकाचे नाव मोठ्या अक्षरांत, प्रादेशिक भाषेत छापले गेलेच पाहिजे, ही मागणी आपल्या प्रत्येक संघटनेने ठरावाद्वारे सरकारकडे केली पाहिजे.

तोपर्यंत वाचकांनी काय करावे? बहिष्कार एका वेळी एकाच धन्यावर घालावा. शंभरांवर घातलेला बहिष्कार कोणावरच नसतो. तो का घातला आणि काय घडले असता उठवावयाचा, हे लेखी ठरवावे. त्या धन्याच्या आपल्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंची यादी करून विहारात, वाचनालयात व महिला मंडळात लावावी, आणि मालकी बदलत असल्यामुळे दर सहा महिन्यांनी तपासावी. ज्याच्या हातून चुकून खरेदी झाली, त्याने घेतलेली वस्तू वापरून संपवावी आणि तिचे नाव त्या यादीत आपल्या हाताने लिहावे. एवढे केले की त्याचे कर्तव्य झाले. कारण त्या एका ओळीने पुढची पन्नास माणसे सावध होतील.

ज्यांना हजारो वर्षे नकळत झालेल्या स्पर्शासाठी शिक्षा भोगावी लागली, त्यांनी नकळत झालेल्या खरेदीसाठी आपल्याच माणसाला शिक्षा करू नये. प्रश्न विचारावयाचा तो त्या माणसाला नव्हे, तर दहा नावांच्या आड दडून बसलेल्या धन्याला: तू आपले नाव का लपवितोस?