खड्डा कुणाच्या हद्दीत?

पावसाळ्यात पश्चिम द्रुतगती महामार्गावर खड्डा पडला की मुंबईकर शिव्या घालतो महापालिकेलाच. २०२२ च्या नोव्हेंबरपर्यंत पालिकेकडे त्यावर तयार उत्तर असायचं: हा रस्ता आमचा नाही. ते खोटंही नव्हतं. वांद्र्याहून दहिसरला जाणारा पश्चिम आणि शीवहून मुलुंडला जाणारा पूर्व, असे दोन्ही द्रुतगती महामार्ग तेव्हा एमएमआरडीएच्या ताब्यात होते. पाणी वाहून नेणारे नाले मात्र पालिकेचे. पाणी तुंबलं की एक यंत्रणा रस्त्याकडे बघणार, दुसरी नाल्याकडे, आणि मधल्या गाड्या बंद पडणार.

त्या नोव्हेंबरात राज्य सरकारने दोन्ही महामार्ग देखभालीसाठी पालिकेकडे सोपवले. उशिरा झालं, पण योग्य झालं. शहराच्या पोटातून जाणारा रस्ता कागदावर महामार्ग असेल. प्रत्यक्षात त्यावर बेस्टची बस थांबते, कामावर निघालेली माणसं जीव मुठीत धरून तो ओलांडतात. आज डांबर टाकायचं आणि उद्या पाण्याच्या पाइपसाठी चर खोदायचा, हा प्रकार थांबायचा तर डांबर आणि पाइप दोन्ही एकाच घरात हवेत. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे द्यायच्या विषयांत ‘रस्ते व पूल’ चौथ्या क्रमांकावर आहे. म्हणजे कुणी उपकार केलेला नाही.

पण रस्ता आला, टोल आला नाही.

मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर उड्डाणपुलांच्या खर्चापोटी सुरू झालेली वसुली रस्ते विकास महामंडळाच्या व्यवस्थेतून होत राहिली. हलक्या वाहनांना माफी मिळाली ती थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये. तोवर वाहनचालक नाक्यावर एकाला पैसे देत होता आणि पुढे खड्डा दुसऱ्याने बुजवावा, अशी अपेक्षा ठेवत होता. २०२२-२३ साठी ४५,९४९ कोटींचं अंदाजपत्रक मांडणाऱ्या पालिकेला हा भार कसाबसा पेलेल. इतरांचं काय? महामार्गालगतच्या दारूविक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये बंदी घातल्यानंतर जळगाव आणि यवतमाळमध्ये शहरातून जाणारे राज्य मार्ग स्थानिक संस्थांकडे वर्ग झाले. रस्ते सुधारावेत म्हणून नव्हे, दुकानांची शटरं उघडी राहावीत म्हणून, असा संशय तेव्हा लोकांनी उघड बोलून दाखवला. रस्त्याची मालकी बदलायला एक शासन निर्णय पुरतो. त्याच्या डांबरासाठी दरवर्षी पैसे लागतात. म्हणून हस्तांतराच्या कागदावरच निधीचा आकडा असला पाहिजे.

दुसरी गोची जाब विचारण्याची. मुंबईच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. दोन्ही महामार्ग पालिकेकडे आले तेव्हा तिथे प्रशासकांचा कारभार होता. सुमारे पन्नास किलोमीटरचे, शहराच्या दोन धमन्या म्हणावेत असे रस्ते नव्या घरात आले आणि त्यांच्या कंत्राटांवर सभागृहात उभं राहून प्रश्न विचारायला एकही लोकप्रतिनिधी नव्हता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर ती सबब उरलेली नाही. आता आपल्या प्रभागाला लागून जाणाऱ्या महामार्गाचा दुरुस्तीखर्च किती, कंत्राटदाराचा हमी कालावधी केव्हा संपतो, हे नगरसेवकाने विचारावं. नुसत्या गटारांच्या आणि बाकड्यांच्या उद्घाटनांवर भागणार नाही.

‘आमची हद्द नाही’ हे उत्तर यापुढे महागातही पडेल. खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला, आणि ती रक्कम जबाबदार अधिकारी व कंत्राटदारांकडून वसूल करण्याची वाटही दाखवली. निदान आता प्रत्येक उड्डाणपुलाच्या तोंडाशी एक साधा फलक लागावा: रस्ता कुणाचा, दुरुस्ती केव्हा झाली, तक्रार कुठल्या क्रमांकावर करायची. नेत्यांच्या वाढदिवसाच्या फलकांना जागा मिळते, तिथे याला मिळायला हरकत नसावी.