डुगडुग जरा नंतर!

रविवारी सकाळी सातला पडेगावच्या रस्त्यावर उभे राहा. छावणीकडून एकेक बुलेट येते आणि मिटमिटा, दौलताबाद करत वेरूळकडे निघून जाते. सोमवार ते शनिवार मान खाली घालून एक्सेल शीट भरणारी हीच मंडळी, पण रविवारी काय रुबाब! त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात सध्या एकच किडा वळवळतोय: इंजिन बिल्ड करायचं. मोठा पिस्टन, मोठा कार्ब्युरेटर आणि 'परफॉर्मन्स कॅम'.

करा की! फक्त खिसा रिकामा करण्याआधी कॅमचं म्हणणं ऐकून घ्या.

माझ्या ऑफिसातल्या एका मित्राकडे वडिलांची जुनी, कास्ट आयर्न इंजिनाची साडेतीनशे आहे. दिवाळीचा अख्खा बोनस त्याने तिच्यात ओतला. नवा कॅम बसला, इंजिन सुरू झालं, गॅरेजात टाळ्या पडल्या. मग अर्धा तास सगळे चहा पीत ती संथ डुगडुग ऐकत बसले. पुढच्याच रविवारी मिटमिट्याच्या पुढे टिकटिक सुरू झाली आणि दौलताबादच्या घाटात गाडीचा दम गेला. इंजिन उघडलं तर एक्झॉस्ट कॅमचं नाक घासून सपाट, टॅपेटच्या तळाला खड्डा आणि तेलात चमचमणारा लोखंडाचा चुरा. चुरा बेअरिंगपर्यंत पोचला होता, म्हणजे खर्च दुप्पट.

'माल डुप्लिकेट निघाला यार,' असं सगळे म्हणाले. असेलही. माझा संशय मात्र त्या अर्ध्या तासाच्या डुगडुगीवर आहे.

कसं ते सांगतो. कॅमचं नाक टॅपेटला वर ढकलतं, टॅपेट पुशरॉडला आणि शेवटी व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्हची स्प्रिंग हा सगळा भार कॅमच्या एका बारीकशा रेषेवर टाकते. इंजिन वेगात असतं तेव्हा हलत्या भागांच्या गतीमुळे नाकावरचा दाब थोडा हलका होतो. आयडलला तो पुरेपूर असतो. वर तेलही कमी पोचतं. जुना कॅम हे सहन करतो. नवा कॅम आणि टॅपेट म्हणजे अरेंज्ड मॅरेज, दोघांना जुळायला वेळ हवा. पहिल्याच दिवशी वरचा कडक थर खरवडला गेला, की पुढे संसार नाही.

म्हणून थोडं पथ्य. नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीही बसवू नका. जुन्याची झीज जुन्या कॅमशी जुळलेली असते. कॅमच्या नाकावर आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमची पेस्ट लावा. गरजेपेक्षा कडक स्प्रिंग टाकू नका. दुहेरी स्प्रिंग असेल, तर सुरुवातीला आतली काढून ठेवण्याची पद्धत आहे. टायमिंग आणि पेट्रोल आधीच चोख ठेवा, म्हणजे दोन-चार किकमध्ये इंजिन सुरू होईल. नुसत्या किका मारत बसलात तर पेस्ट पुसली जाते.

सुरू झालं की सरळ दोन हजार आरपीएमच्या वर. अमेरिकन व्ही-एट बांधणारे वीस ते तीस मिनिटं असंच चालवतात. पण त्यांच्याकडे रेडिएटर असतो, आपली बुलेट हवेवर थंड होते. तेव्हा समोर मोठा पंखा लावा, थोड्या थोड्या वेळाने बंद करून थंड होऊ द्या. चालू असताना मात्र आयडलवर सोडू नका. नंतर तेल बदला आणि जुन्या तेलात चुंबक फिरवून बघा.

तेलाचंही बघा. कॅमला जपणारं जस्त-फॉस्फरसचं रसायन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला सोसत नाही. म्हणून २००४ मध्ये आलेल्या एपीआय एसएम दर्जात पातळ तेलांतल्या फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. तेव्हा कारसाठीचं महागडं, पातळ तेल बुलेटला पाजण्यात शहाणपणा नाही.

आता मुख्य खूण. थंड इंजिनात टॅपेट नीट सेट केलं आणि दोन दिवसांत ते पुन्हा ढिलं झालं, तर पुन्हा आवळून पुढे जाऊ नका. कॅम झिजतोय. तिथेच थांबलात तर एका कॅमवर भागेल.

२००८ पासूनच्या यूसीई इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट आले, त्यामुळे हाताने सेटिंग करायचं काम उरलं नाही. २०२० च्या मीटिऑरपासून तर पुशरॉडही गेले. पण वडिलांची जुनी बुलेट ज्यांच्या दारात आहे, त्यांनी पहिल्या दिवशी तिला जरा ओरडू द्यावं. शेजारी चिडले तर चिडले. ती डुगडुग पुढे अनेक वर्षं ऐकायचीच आहे ना?